मुसळाची स्टिक

रविवारी दुपारी समाधाननं लेथ बंद केलं, लाकडाची जाडी मोजायला व्हर्नियर लावला, आकडा वाचला आणि त्याच्या तोंडून अशी शिवी निघाली की शेडच्या कोपऱ्यात डबा खात बसलेल्या झिपरूआप्पांचा घास हातातच राहिला.

"काय झालं रे भो?"

समाधाननं पुन्हा मोजलं. माणूस कसा खुळा असतो बघा! दुसऱ्यांदा मोजल्यानं लाकूड काय वाढणार आहे? पण तो मोजत राहिला. एकदा या टोकाकडून, एकदा त्या टोकाकडून, डोळ्यांतला घाम पुसून पुन्हा एकदा. मग व्हर्नियर मशीनवर ठेवून तो खालीच बसला, लाकडाच्या भुशात.

"गेलं, आप्पा. मूठच गेली."

आता एका काठीपायी एवढा आकांत कशाला, असं तुम्ही म्हणाल. तर ते लाकूड काय होतं ते आधी सांगतो. ते मुसळ होतं. समाधानच्या आईचं, केसरबाईचं, अंजनाच्या लाकडाचं. शिरपूरकडच्या गावाहून सिल्वासाला बिऱ्हाड हलवलं तेव्हा म्हातारीनं ते टेम्पोत घालायला लावलं होतं. समाधान म्हणाला, "आई, डोकमर्डीच्या खोलीत तू कांडणार काय?" ती म्हणाली, "तुझं डोकं." पुढं ती गेली. उखळ तर गावीच राहिलं होतं. मुसळ तेवढं गॅलरीच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून उभं राहिलं. जन्मभर तिचा हात जिथं बसला, तिथं मधोमध ते झिजून आत गेलं होतं.

आणि त्याची स्टिक, म्हणजे टेबलावरचा पूल खेळायची काठी, करायची होती ती कुणासाठी, तर ओंकारसाठी. ओंकार म्हणजे समाधानचा धाकटा भाऊ. गलोंड्याच्या एका कारखान्यात तो प्रेस मशीनवर होता, समाधाननंच त्याला तिथं चिकटवलं होतं. एका सकाळी प्रेसनं त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं नेली. अंगठा आणि शेजारचं बोट राहिलं, बाकी नुसती थोटकं. कारखान्यातले सगळे म्हणाले, चूक त्याचीच. बरं, ते परके. पण दवाखान्यात, हाताची पट्टी अजून रक्तानं ओली असताना, सख्खा भाऊ त्याला म्हणाला, "लक्ष कुठं होतं तुझं?" समाधान घाबरलेला होता, म्हणून बोलला, हे मलाही कळतं. पण बोलला तर खरं! ओंकारनं तेव्हा मान भिंतीकडं वळवली ती वळवलीच.

त्याआधी हा पोरगा म्हणजे आमलीच्या पूल पार्लरचं चैतन्य होतं. सुट्टीच्या दिवशी तो टेबलावर वाकला की पार्लरवाला विशाल स्वतः गल्ला सोडून बघायला यायचा. आणि आता? हातावर सतत रुमाल टाकलेला. जेवतानाही रुमाल. बोलणं बंद, दाढी वाढलेली. एका संध्याकाळी तो घरी आला नाही म्हणून समाधान गाडी काढून शोधत निघाला, तर हा दमणगंगेच्या पुलावर कठड्याला टेकून खाली बघत उभा. समाधाननं काही विचारलं नाही. मागं बसवलं आणि आणलं घरी. त्या दिवसापासून समाधानची बायको रोहिणी भाजी आणायला जायची तरी शेजारणीला दारात बसवून जायची.

मग एक दिवस रोहिणी गॅलरी धूत होती आणि मुसळ घसरलं. ओंकार जवळच बसला होता. त्यानं विचार न करता हात पुढं केला, तोही उजवा, आणि मुसळ धरलं. रुमाल खाली पडला. तो आपल्या हाताकडं बघतच राहिला. आईच्या मुठीनं जिथं झिजलं होतं, नेमकं तिथं त्याचा अंगठा, उरलेलं बोट आणि थोटकं बसली होती आणि मुसळ सटकत नव्हतं.

"वहिनी," तो म्हणाला, "बसतंय."

किती तरी दिवसांनी त्या घरात त्याचा आवाज ऐकू आला होता. संध्याकाळी समाधान कामावरून आला, तर हा दारातच उभा. "दादा, याची स्टिक करून दे."

"देतो ना! का नाही देणार? थोडा दम धर फक्त."

"धरतो. स्टिक होईस्तोवर आहे मी."

रोहिणी भाकरी थापत होती. तिचा हात परातीतच थांबला. होईस्तोवर आहे, म्हणजे झाल्यावर काय? तिनं नवऱ्याकडं पाहिलं, नवऱ्यानं तिच्याकडं. विचारायची छाती एकाचीही झाली नाही.

तर समाधान असा कामाला लागला होता. पुढचा बारीक अर्धा भाग विशालनं दिला, पार्लरमधल्या एका मोडक्या स्टिकचा. मागचा जाड भाग मुसळाचा करायचा होता. पण झिजलेली मूठ काही गोल नव्हती, एका बाजूला जास्त खाल्लेली होती. तशीच ठेवली तर स्टिक हातात लंगडणार. म्हणून वरचा थोडा थर काढून ती गोल करायची. किती काढायचा, ते ठरवायला समाधान कंपनीतून पाइपचे तुकडे घेऊन आला. ओंकारनं रुमालाखालीच एकेक धरून पाहिला आणि एक परत दिला. "हा चालेल. पण याच्याहून बारीक नको, दादा. सटकतं." तो तुकडा समाधाननं खिशात ठेवला.

कंपनीच्या मशीनवर घरचं काम करू देत नाहीत, म्हणून तो झिपरूआप्पांकडं आला. आप्पा त्यांच्याच भागातले. गलोंड्यात त्यांची लहानशी शेड, एक जुनं लेथ, पण मन मोठं. सकाळी मशीन ताब्यात देताना आप्पांनी बजावलंही होतं, "समाधान, कंपनीचं मशीन नाही हे. हे एका बाजूचं दाखवतं. ध्यानात ठेव."

याचा अर्थ असा. लेथवर हत्यार आत ढकलायचं एक चाक असतं आणि त्या चाकावर रेघा कोरलेल्या असतात. समाधानच्या कंपनीतल्या मशीनवर जितक्या रेघा फिरवाल तितकीच जाडी कमी होते. आप्पांच्या म्हाताऱ्या मशीनवर मात्र तितक्या रेघा हत्यार आत शिरतं आणि लाकूड गोल फिरत असल्यामुळं दोन्ही बाजूंनी कापलं जातं. जाडी जाते ती दुप्पट. समाधानला हे माहीत होतं की! सकाळभर त्यानं मोजून मोजून, जपून जपून काम केलं होतं. पुढची निमुळती बाजू अशी उतरली होती की आप्पांनी दोनदा हात फिरवून बघितला. राहिला होता मुठीचा शेवटचा कट.

आणि नेमका तेव्हा फोन वाजला. रोहिणीचा.

"अहो, ऐकता का? भाऊजींनी दाढी केली! स्वतः, डाव्या हातानं. हनुवटीला कापलंय जरासं, पण केली. नवा शर्ट घातलाय. विचारताहेत, दादाचं झालं का म्हणून."

समाधानचे डोळे भरून आले. फोन कान आणि खांद्यात धरून तो म्हणाला, "झालंच म्हणून सांग, शेवटचा कट राहिलाय." आणि बोलता बोलता हातानं आपलं रोजचं काम केलं. कंपनीत जसं चाक फिरवायचं तसं फिरवलं, मशीन चालू केलं. हत्यार मुठीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत गेलं. आईच्या हातानं घासलेलं काळं, गुळगुळीत लाकूड भुगा होऊन त्याच्याच चपलांवर पडलं.

त्यानं खिशातला पाइपचा तुकडा काढून शेजारी धरला. डोळ्यांनाच दिसत होतं. मूठ पार बारीक झाली होती, पार्लरमधल्या कुठल्याही स्टिकसारखी. जी ओंकारला धरता येत नव्हती तसलीच!

"दुसरं लाकूड घे ना," आप्पा म्हणाले.

"दुसरं कुठून आणू, आप्पा? तुम्हाला काय सांगू, तो काय बोललाय ते!" आणि मग त्यानं सांगितलं. आप्पांनी डबा बंद केला. त्यांना पुढं जेवण गेलं नाही.

समाधाननं गाडीला किक मारली. आमलीतली लाकडाची वखार बंद. भांड्यांच्या दुकानात त्यानं मुसळ मागितलं, तर दुकानदारानं त्याला नखशिखांत न्याहाळलं. "मुसळ? भाई, मिक्सर आपू?" म्हणत त्यानं मिक्सरच पुढं केला. परत येताना गलोंड्याच्या एका पाड्यावर त्याला ओट्यावर मुसळ दिसलं. तो तसाच उतरून त्या घरच्या बाईला हात जोडून विनवायला लागला. ती बिचारी भली. उचलून त्याच्या हातात दिलं. पण ते सागाचं, नवं, सरळसोट. त्यात मूठ नव्हती. त्यानं ते परत दिलं आणि गाडीवर बसल्यावर त्याच्या लक्षात आलं, आपण मघापासून मोठ्यानं बोलतोय, एकटेच.

शेडमध्ये येऊन त्यानं दुसरा घाट घातला. मुसळाचा खालचा जाड तुकडा उरला होता. तो आतून पोकळ करायचा आणि नळकांड्यासारखा मुठीवर चढवायचा. आप्पा म्हणाले, "अंजन आहे ते. चिवट दिसतं, पण पातळ केलं की तडकतं." तडकू दे, नाहीतरी काय हातात आहे? समाधाननं या वेळी प्रत्येक कटाला मोजलं. फोन बंद केला. ओठ दाबून, श्वास धरून तो भोक मोठं करत गेला. झालंच होतं. आता शेवटचं थोडं, आणि तडाक! तुकडा उभा फुटून एक फाक पत्र्यावर जाऊन आदळली. दुसरी लाकूड पकडणाऱ्या चकातच अडकून फिरत राहिली. आप्पांनी धावत येऊन मशीन बंद केलं, कारण समाधानला ते सुचलंच नाही.

आता तो रडायला लागला. मोठा बाप्या, मिशीवाला, कंपनीत पोरं ज्याला उस्ताद म्हणतात तो, भुशात बसून हमसून हमसून रडत होता. रडता रडता त्याच्या डोक्यात भलतंच आलं. स्टिक होईस्तोवर आहे म्हणाला ना? मग होऊच द्यायची नाही! आज लाकूड ओलं निघालं, उद्या मशीन बिघडलं, परवा चिकटवायचं राहिलं. अशी वर्षं काढायची. कितीही वर्षं काढीन, आणि तो थांबेल. पण मग त्याला दाढी आठवली. डाव्या हातानं, हनुवटी कापून घेत केलेली दाढी. असा माणूस काय नुसता थांबायला बसलाय? त्याला स्टिक हवी आहे. समाधाननं कपाळावर हात मारून घेतला.

बाहेर रिक्षा थांबली. फोन लागत नाही म्हणून रोहिणी काळजीनं निघाली होती आणि ओंकारला एकट्याला घरी ठेवायची तिची छाती नव्हती, म्हणून त्यालाही घेऊन आली होती. तिच्या पिशवीत सुताचा एक कोन होता, निमुळत्या नळीवर गुंडाळलेलं सूत. रोहिणी सुताच्या कारखान्यात कोनावर सूत भरायच्या खात्यात. मुठीवर एक थर गुंडाळायला म्हणून समाधाननंच तिला सांगितलं होतं आणि तिनं सुपरवायझरला विचारून टाकाऊतला एक कोन आणला होता.

ओंकार आत आला. नवा शर्ट, हनुवटीवर कापसाचा बोळा, हातावर रुमाल. मशीनला टेकवून ठेवलेली स्टिक त्याला दिसली आणि त्याचा चेहरा असा उजळला की समाधाननं मान खाली घातली.

"दादा, झाली?"

ओंकारनं स्वतःच डाव्या हातानं स्टिक घेतली. पाठ फिरवून, रुमालाआड, उजव्या हातात धरली. आणि ती सटकली. फरशीवर पडून दोनदा उडाली आणि मशीनखाली घरंगळत गेली. त्या आवाजानं रोहिणीनं डोळे मिटून घेतले.

ओंकारनं वाकून ती उचललीही नाही. "झाली ना, दादा," तो शांतपणे म्हणाला. "होईस्तोवर म्हणालो होतो मी. चल, येतो." आणि तो दाराकडं वळला.

समाधान उठून धावला नाही, अक्षरशः रांगत गेला आणि त्यानं भावाचे पाय धरले. "नको जाऊ! ओंक्या, नको जाऊ रे! तुझी काही चूक नाही, माझी आहे. चांगली झाली होती, मीच खाल्ली. दुप्पट कापली. आप्पांनी सकाळी सांगितलं होतं, तरी कापली! प्रेसनं तुझी बोटं नेली आणि मी आईची मूठ नेली. मला मार, शिव्या दे, पण जाऊ नको!"

ओंकार उभाच राहिला. मोठ्या भावाला असं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. अपघातापासून सगळे त्याच्याशी दबकून, गोड बोलत होते. त्याच्यापाशी कुणी चुकलं नव्हतं की रडलं नव्हतं. त्यानं मशीनकडं पाहिलं. चाकावरच्या रेघा पाहिल्या. तोही कारखान्यातलाच होता, त्याला सांगावं लागलं नाही.

"एका बाजूचं दाखवतं हे," तो म्हणाला.

"हो."

"तुला माहीत होतं?"

"हो रे, हो!"

ओंकारचा आवाज एकदम चढला. "मग लक्ष कुठं होतं तुझं?"

दवाखान्यातलं वाक्य होतं ते, तसंच्या तसं. समाधाननं वर पाहिलं. त्याचं तोंड भुशानं आणि अश्रूंनी बरबटलं होतं.

"तुझ्याकडं," तो म्हणाला. "तू दाढी केलीस, म्हणून सांगत होती रोहिणी. मला इतका आनंद झाला ना, ओंक्या... मी मोजायचंच विसरलो."

ओंकार खाली बसला. भावाच्या समोर, भुशातच. बराच वेळ दोघंही रडले. आप्पा उगाच पाने-पकडी जागेवर लावत राहिले.

मग नाक ओढून ओंकार म्हणाला, "वहिनी, त्या पिशवीत सूत किती आहे?"

"कोन आहे अख्खा."

"एक थर नको. आहे तेवढं सगळं घालू. आप्पा, पंपाची चीर बुजवायची राळ असेल ना तुमच्याकडं? दोन डब्यांतली मिसळली की घट्ट होते ती?"

आप्पांनी फळीवरचे डबे काढून दिले. समाधाननं स्टिक पुन्हा मशीनवर बसवली आणि सवयीनं बटणाकडं हात नेला.

"मोटर नको," ओंकार म्हणाला. "मी फिरवतो." अपघातापासून त्यानं कुठल्या मशीनला हात लावला नव्हता. आज त्यानं डावा हात चकावर ठेवला, क्षणभर तसाच ठेवला आणि मग हळूहळू फिरवायला सुरुवात केली. रोहिणी बोटांतून सूत सोडत होती, शेजारी शेजारी, एकही धागा दुसऱ्यावर चढू न देता. रोज तेच काम करणारी बाई ती. समाधान ब्रशनं राळ पाजत होता. थरावर थर चढत गेले आणि मूठ पुन्हा भरत आली.

पुरेशी जाड झाल्यासारखी वाटली तसा समाधाननं व्हर्नियर उचलला.

"ठेव ते खाली," ओंकार म्हणाला आणि त्यानं रुमाल काढला.

सगळ्यांसमोर काढला. गुलाबी, चुरगळलेली थोटकं उघडी पडली. रोहिणीनं मान वळवली नाही. आप्पांच्या चहासाठी आणलेल्या दुधाची पिशवी होती, ती तिनं धुऊन, पुसून, फाडून ओल्या सुतावर गुंडाळली, हाताला राळ लागू नये म्हणून. ओंकारनं मूठ धरली. सूत दबलं, अंगठ्याखाली आत गेलं, थोटकांपाशी वर आलं. पण तीन बोटांचा जोर तिथं नव्हताच, तो थकून थरथरायला लागला.

समाधाननं आपला हात त्याच्या हातावर ठेवला. अपघातानंतर पहिल्यांदाच ओंकारनं तो हात कुणाला धरू दिला होता. समाधाननं दाबलं, जपून, पण घट्ट.

"दुखतंय?"

"दाब तू."

"हलू नको हं. राळ पक्की होईस्तोवर असंच धरावं लागेल."

"आहे मी," ओंकार म्हणाला.

आप्पांनी स्टोव्ह पेटवला. पण पिशवी रिकामी करायच्या गडबडीत दूध सांडून गेलं होतं, म्हणून काळाच चहा ठेवला. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, त्याला रोहिणीनं जायला सांगितलं. दोघं भाऊ मशीनवर वाकून तसेच उभे होते, एका मुठीवर दोन हात.

"दादा."

"काय रे?"

"उद्या पुढचं टोक घासायचं राहिलंय," ओंकार म्हणाला. "मी येतो सोबत. तू तेवढा फोन घरी ठेव."